वऱ्हाडचा कापूस गेला, आता लेकी?

वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड, असे आपले वाडवडील अभिमानाने सांगत. ते सोने कोणाच्या घरी गेले, हे सांगताना मात्र त्यांचा स्वर उतरत असे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांनी आपल्या हाती घेतला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि साहेबाची नजर आपल्या काळ्या मातीवर खिळली. खामगावच्या कापूस बाजारापर्यंत आगगाडी आली, तिच्या उद्घाटनासाठी १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने हजर राहिला. शेतकऱ्याचे कल्याण हा त्यामागचा हेतू नव्हता. कच्चा माल स्वस्तात न्यावा आणि पक्का माल महागात विकावा, हे त्या व्यापाराचे सूत्र होते.

हा इतिहास आज उगाळण्याचे कारण आहे. अमरावती वा अकोल्याच्या एखाद्या पदवीधर मुलीने भ्रमणध्वनीवर ‘जर्मनीत कसे जावे’ असे शोधले, तर तिच्यापुढे एक मोहक शब्द येतो : ‘ऑ पेअर’. एका युरोपीय कुटुंबात वर्षभर राहायचे, त्यांची मुले सांभाळायची, घरकामाला हातभार लावायचा, भाषा शिकायची. राहणे-जेवणे फुकट, वर हातखर्चाला पैसे. या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’ असा आहे. जाहिरातीतील चित्रात गोरी मुले त्या मुलीच्या गळ्यात पडलेली असतात. सोयाबीनचा भाव पडलेला आणि नोकरभरती रखडलेली असताना या चित्राची भुरळ पडली, तर त्या मुलीला दोष देता येणार नाही. परंतु चित्राच्या मागील बाजूस काय लिहिले आहे, हे तिला वाचून दाखवणे समाजाचे कर्तव्य आहे.

बरोबरी कोणाशी?

युरोपीय राष्ट्रांनी २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबर्ग येथे ‘ऑ पेअर’विषयी एक करार केला. ही व्यक्ती विद्यार्थीही नव्हे आणि कामगारही नव्हे, तिचा वर्ग निराळा, असे त्या करारानेच म्हणून ठेवले. हे वरवर उदात्त वाटते. पण विद्यार्थी नाही म्हणून विद्यापीठाचे छत्र नाही आणि कामगार नाही म्हणून कामगार कायद्याचे कवच नाही. मग उरते काय? यजमान कुटुंबाची सद्बुद्धी!

जर्मनीचेच नियम पाहावेत. वय १८ ते २६, भाषेचे ज्ञान ‘ए-१’ म्हणजे अगदी पहिल्या पायरीचे, मुक्काम अधिकाधिक एक वर्ष, काम दिवसाला सहा तासांपर्यंत व आठवड्याला ३० तासांपर्यंत. हातखर्च महिना २८० युरो, शिवाय भाषावर्गासाठी ७० युरो. आपल्या पैशांत २८० युरोंची रक्कम पंचवीस-तीस हजारांच्या घरात जाते आणि ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात. जर्मन हिशेबाने पाहिले तर निराळेच दिसते. आठवड्याचे ३० तास म्हणजे महिन्याचे सुमारे १३० तास. तासाला सव्वादोन युरोही पडत नाहीत. २०२५ मध्ये त्याच देशात किमान वेतन ताशी १२.८२ युरो होते. राहणे, जेवण आणि विमा यजमान देतो, हे मान्य. तरीही दोन आकड्यांतील दरी बुजत नाही. ही दरी कायद्याने वैध ठरते, ती केवळ ‘बरोबरीच्या नात्याने’ या दोन शब्दांच्या जोरावर!

जुळवाजुळव करणाऱ्या मध्यस्थांना जर्मनीत २००२ पासून परवान्याची सक्ती नाही. गुणवत्तेचे चिन्ह आहे, पण ते घेणे ऐच्छिक. मुलीचा वास्तव्य-परवाना मात्र यजमान कुटुंबाशी बांधलेला. घर बिनसले तर थोड्या अवधीत दुसरे घर शोधा, नाहीतर परत या. अशा स्थितीत सहाऐवजी दहा तास काम करवून घेणाऱ्या बाईला ‘नाही’ म्हणण्याचे बळ वीस वर्षांच्या मुलीत कोठून यावे?

हे आमच्या मनाचे खेळ नव्हेत. अमेरिकेत याच योजनेखाली आठवड्याला ४५ तास काम आणि किमान १९५.७५ डॉलर मोबदला असा हिशेब चाले. मध्यस्थ संस्थांनी संगनमत करून मोबदला दाबून ठेवला, असा दावा तेथे राहिलेल्या मुलींनी २०१४ मध्ये डेन्व्हरच्या न्यायालयात लावला. २०१९ मध्ये त्या संस्थांनी ६ कोटी ५५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. नॉर्वेने तर २०२४ मध्ये या योजनेखाली नवे परवाने देणेच बंद केले. सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या नावाखाली स्वस्त घरकाम चालते, ही टीका तेथे वर्षानुवर्षे होत होती. फिलिपाइन्ससारख्या गरीब देशाने १९९८ मध्येच आपल्या मुलींना युरोपात ‘ऑ पेअर’ म्हणून पाठवण्यावर बंदी घातली होती आणि अटी मान्य करून घेऊन मगच ती टप्प्याटप्प्याने उठवली. भारताचे या विषयावरील धोरण कोठे आहे?

लंडनच्या आया

आपल्याला हा अनुभव नवा नाही. इंग्रजी अमदानीत साहेबांची कुटुंबे विलायतेला परतताना मुलांसाठी हिंदी आया सोबत नेत. बोटीवर त्यांच्यावाचून मडमेचे पान हलत नसे. लंडनच्या धक्क्यावर पाऊल पडले की त्यांतील कित्येकींची गरज संपे आणि परतीच्या तिकिटावाचून त्या परक्या शहरात पडून राहत. त्यांच्यासाठी लंडनमध्ये ‘आयांचे घर’ चालवावे लागले. १९०० च्या सुमारास ते हॅकनी भागात गेले. चालवणारी संस्था कोण, तर लंडन सिटी मिशन. निवाऱ्याबरोबर बायबलही आलेच. २०२२ मध्ये त्या इमारतीवर स्मृतिफलक लागला. फलक लागायला शंभर वर्षे लागली; त्या आयांची नावे मात्र बहुतांशी विस्मृतीतच गेली. परक्या घरातील जिव्हाळा करारात लिहिलेला नसेल, तर तो धक्क्यावर संपतो, हा त्या इतिहासाचा धडा आहे.

आनंदीबाईंनी घातलेल्या अटी

मग परक्या घरी राहूच नये काय? असे आम्ही मुळीच म्हणत नाही. समुद्र ओलांडल्याने धर्म बुडतो, ही समजूत टाकून देऊन हिंदू समाजाला शतक लोटले. १८८३ मध्ये अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी अमेरिकेत न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबात राहायला गेली. गोपाळरावांनी आधी एका मिशनऱ्याकडे साहाय्य मागितले होते, तेव्हा ख्रिस्ती झालात तर पाहू, अशा अर्थाचे उत्तर आले. त्यांनी ते नाकारले. तोच पत्रव्यवहार छापून आलेला वाचून कार्पेंटरबाईंनी अट न घालता हात पुढे केला. निघण्यापूर्वी सेरामपूर येथील जाहीर सभेत, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, अशा आशयाची ग्वाही आनंदीबाईंनी दिली. त्या घरात त्या लुगडे नेसून, शाकाहार पाळून राहिल्या. कार्पेंटरबाईंना त्यांनी ‘मावशी’ मानले. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या आणि प्रबंधाचा विषय घेतला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. बरोबरीचे नाते म्हणतात ते हे! ते का जुळले? कारण आनंदीबाई आपले प्रयोजन आणि आपल्या अटी ठरवून गेल्या होत्या. त्या विद्या घ्यायला गेल्या होत्या, कोणाचे पाळणाघर चालवायला नव्हे.

आपल्या वऱ्हाडानेही हेच केले आहे. पापळचे पंजाबराव देशमुख विलायतेला गेले आणि ऑक्सफर्डमध्ये वेदवाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहून परतले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेले, ते देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवायला. त्याच जर्मनीत आज आपली मुलगी जाणार असेल, तर तिच्याही हाती दाखवण्याजोगे काही असले पाहिजे.

कायदा तिचा, संस्कार आपला

आणखी एक धोका जाहिरातीत कोणी सांगत नाही. २०११ मध्ये नॉर्वेतील एका बंगाली दाम्पत्याची दोन मुले बालकल्याण यंत्रणेने काढून घेतली. हाताने भरवणे, जवळ घेऊन निजवणे या गोष्टींवरही तेथे बोट ठेवले गेले, हे ऐकून सारा भारत संतापला होता. यंत्रणेने अन्य कारणेही दिली. परंतु दोन समाजांच्या बालसंगोपनाच्या कल्पना किती भिन्न आहेत, हे त्या प्रकरणाने दाखवले. आपली मुलगी परक्या मुलाला सांभाळणार ती आपल्या आजीने शिकवले तशी. मूल हट्टाला पेटले तर एखादी चापटही देईल. जर्मनीत २००० पासून मुलांना मारण्यास कायद्याने मनाई आहे. चापट मारणे योग्य नव्हेच. पण त्या देशात त्याचा अर्थ काय होतो, हे जाण्याआधी तिला कोणी सांगते काय?

जर्मनीने २०१३ पासून वर्षापुढील प्रत्येक बालकाला पाळणाघरातील जागेचा हक्क दिला, तरी जागा पुरत नाहीत. एकत्र कुटुंब मोडले, आजी-आजोबा दूर गेले, त्याची ही किंमत आहे. त्या समाजाने ती खुशाल मोजावी, पण बाजारभावाने मोजावी; आमच्या लेकींच्या हातखर्चाने नव्हे.

आरसा

इतके बोलल्यावर एक प्रश्न स्वतःलाही विचारला पाहिजे. मेळघाटातून किंवा खेड्यातून येऊन आपल्या शहरांतील बंगल्यांत राबणाऱ्या मुलीला आपण ‘घरचीच आहे’ म्हणतो. तिचा कप वेगळा असतो. तिच्या सुटीचा वार ठरलेला नसतो. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या मोलकरणीची नोंदणी करून दिली? ‘घरचीच’ म्हणून हक्क नाकारण्याची ही युक्ती आणि ‘बरोबरीची’ म्हणून वेतन नाकारण्याची ती युक्ती, या एकाच कुळातल्या आहेत. समरसतेचा आग्रह धरणाऱ्या समाजाने ती आधी आपल्या उंबरठ्याच्या आत थांबवावी. तरच बर्लिनकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्याला राहील.

पक्का माल पाठवा

‘ऑ पेअर’ ही शिडीची पहिली पायरी आहे. पुढे तेथेच परिचर्येचे वा अन्य व्यवसायाचे शिक्षण घेता येते, असा युक्तिवाद केला जातो. काही मुली तसे करतात, हे खरे. मग ती पायरी परक्याच्या स्वयंपाकघरात का चढायची? जर्मनीला आज परिचारिका हव्यात, तंत्रज्ञ हवेत. भारतीय कुशल मनुष्यबळासाठी वार्षिक व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचे त्या सरकारने २०२४ मध्ये जाहीर केले. महाराष्ट्र शासनानेही त्याच वर्षी बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनीला तेथील सार्वजनिक रुग्णालयांत पहिल्याच वर्षी महिना हजार युरोंहून अधिक विद्यावेतन मिळते आणि ती कामगार कायद्याच्या छत्राखाली असते. परिचारिका म्हणून मान्यता मिळवायची तर भाषा साधारणतः ‘बी-२’ पातळीची लागते. ‘ए-१’ ते ‘बी-२’ हे अंतर म्हणजेच कच्चा कापूस आणि विणलेले कापड यांतील अंतर होय. ते अंतर अमरावती-अकोल्यातच का कापू नये? संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ आहे, श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा विस्तार आहे, दोन्ही शहरांत शासकीय रुग्णालये आहेत. नाही तो संकल्प.

आणि सरकारकडेही मागणे आहे. १९८३ चा उत्प्रवासन कायदा दहावी उत्तीर्ण मुलीच्या जर्मनीवारीची दखलच घेत नाही. तिच्या पारपत्रावर तपासणीची अट नसते आणि जर्मनी तपासणीच्या १८ देशांच्या यादीत नाही. त्याच्या जागी आणावयाच्या कायद्याचा मसुदा केंद्राने २०२५ मध्ये लोकांपुढे ठेवला. त्या कायद्यात ‘ऑ पेअर’चा स्पष्ट उल्लेख हवा, भारतातील मध्यस्थांची नोंदणी, मुलीला समजेल अशा भाषेतील करारपत्र आणि निघण्यापूर्वी वकिलातीत नोंद या तीन गोष्टी सक्तीच्या हव्यात. परदेशातील महाराष्ट्र मंडळांनी आणि हिंदू स्वयंसेवक संघाच्या कार्यकर्त्यांनी अशा प्रत्येक मुलीमागे एक पालक-कुटुंब उभे करावे. रात्री अकरा वाजता तिने फोन केला, तर मराठीत ‘काय झालं, बाळ?’ असे विचारणारे कोणीतरी त्या शहरात असले पाहिजे. असा पालक उभा करणे हेच संघटन होय.

ज्या मुली आजच निघाल्या आहेत, त्यांच्या आई-वडिलांनी एवढे तरी करावे : करार वाचल्याशिवाय सही होऊ देऊ नये, पारपत्र तिच्याच हाती राहील असे बजावावे, परतीच्या तिकिटाचे पैसे तिच्या नावे वेगळे ठेवावेत, आणि लोक काय म्हणतील या भयाने ‘आता आलीस कशाला?’ असा प्रश्न तिला कधीही विचारू नये. पोरीला माहेरचे दार उघडे आहे, हे एकदा पक्के ठाऊक असले की जगातील कोणत्याही यजमानाशी ती मान वर करून बोलू शकते.