बालेवाडीचा विजेता

फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस पुण्यास, बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत, टेनिसचा एक अंतिम सामना झाला. मोनॅको या चिमुकल्या राज्याचा व्हॅलेंतिन वाशरो नांवाचा पंचवीस वर्षांचा तरुण ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅडम वॉल्टनशीं खेळत होता. पहिला सेट त्यानें ३-६ असा गमावला. पुढचे दोन्ही सेट टायब्रेकपर्यंत गेले, आणि दोन्ही त्यानेंच जिंकले. सुटीचा दिवस होता, आम्हांस जाणें सहज शक्य होतें. पण आम्ही गेलों नाहीं. कोणी अपरिचित परदेशी मनुष्य जिंकला एवढें वाचून आम्हीं पान उलटलें. याच जागीं २०१८ पासून २०२३ पर्यंत, २०२१ चें वर्ष वगळतां, याहून वरच्या दर्जाची स्पर्धा भरत असे. ती येथून गेली तेव्हां मात्र आम्ही फार हळहळलों होतों!

ज्याचें नांव आपण ऐकलें नाहीं त्याचा खेळ पाहण्याजोगा नसतो, हा जो आमचा व आमच्यासारख्या अनेकांचा समज, तो आम्हांस आतां साफ चुकीचा वाटूं लागला आहे.

टेनिसच्या धंदेवाईक खेळाची रचना आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. अगदीं तळाशीं लहान लहान स्पर्धा असतात. त्यांच्यावर चॅलेंजर नांवाच्या स्पर्धांची पायरी. आणि त्यांच्याही वर त्या मोठ्या स्पर्धा, ज्यांचीं चित्रें आपण पाहतों. प्रत्येक विजयाचे कांहीं गुण मिळतात. पुण्याच्या त्या स्पर्धेच्या विजेत्यास १०० गुण होते. परंतु या गुणांचा स्वभाव मोठा विलक्षण आहे. ते पेटींत ठेवलेल्या पैशाप्रमाणें साठून राहत नाहींत. बावन्न आठवडे झाले कीं गळून पडतात. म्हणजे गतवर्षीं जें मिळविलें तें यंदा पुन्हां मिळवावें, तेव्हां कोठें मनुष्य आहे तेथें उभा राहणार. शाळेंत एकदां पांचवी इयत्ता उत्तीर्ण झालेल्या मुलास पुन्हां चौथींत कोणी बसवीत नाहीं. येथें मात्र तें नित्य घडतें.

वाशरोच्या वांट्यास नेमकें हेंच आलें. पुण्यानंतर तो चढत गेला आणि जून २०२४ मध्यें ११० व्या स्थानावर पोंचला. ग्रँड स्लॅम स्पर्धांत पात्रताफेरी न खेळतां सुमारें १०४ खेळाडूंस प्रवेश मिळतो. उंबरठा हाताच्या अंतरावर आला होता. तेवढ्यांत खांद्याच्या दुखापतीनें त्यास घरीं बसविलें. दिवस जात राहिले व गुण गळत राहिले. ऑक्टोबर २०२५ मध्यें तो चीनमधील शांघायच्या मोठ्या स्पर्धेस गेला तेव्हां २०४ वा होता. मुख्य स्पर्धा तर राहोच, पात्रताफेरींतही त्याचें नांव राखीव यादींत होतें. कोणी गळालें तर त्यास जागा, नाहींतर परतीचा प्रवास. जागा मिळाली. पात्रतेचे दोन सामने जिंकून तो मुख्य स्पर्धेंत शिरला. तेथें बुब्लिक हरला, रूने हरला, उपांत्य सामन्यांत चोवीस ग्रँड स्लॅम जिंकलेला जोकोविच ६-३, ६-४ असा हरला. अंतिम सामन्यांत समोर उभा होता आर्थर रिंडरक्नेश, त्याचाच नात्यांतील भाऊ! दोघेही अमेरिकेंत टेक्सासच्या एकाच विद्यापीठासाठीं खेळलेले. तोही सामना वाशरोनें ४-६, ६-३, ६-३ असा जिंकला. या दर्जाची स्पर्धा जिंकणारा एवढ्या खालच्या क्रमांकाचा खेळाडू १९९० पासून झाला नव्हता. त्या एका स्पर्धेचें बक्षीस अकरा लक्ष डॉलरांहून अधिक होतें. पूर्वीच्या सर्व वर्षांची कमाई त्याच्या निम्म्याच्या आसपास होती.

जगानें याला चमत्कार म्हटलें. आम्हांस हा शब्द पटत नाहीं. रूनेविरुद्ध त्यानें पहिला सेट २-६ असा गमावला व दुसरा टायब्रेकवर मिळविला. अंतिम सामन्यांतही पहिला सेट गेलाच होता. बालेवाडीस काय झालें होतें? पहिला सेट गेला, आणि मग दोन टायब्रेक. शांघायला जें दिसलें तें एकोणीस-वीस महिने आधीं पुण्यास, आमच्या दारांत, दिसलें होतें. पाहावयास आम्ही नव्हतों, एवढेंच.

कोणी म्हणेल, एक वाशरो वर आला. बाकीच्या शेंकडोंचें काय? ते तर खालींच राहतात. हा आक्षेप खरा आहे, व त्याला सोपें उत्तर नाहीं. आपल्या सुमित नागलनें २०२३ मध्यें सांगितलें होतें कीं त्याच्या खात्यांत अवघे ९०० युरो उरले आहेत; आणि त्या वेळीं तो देशांतला एकेरींतील पहिला खेळाडू होता! पुण्याच्या स्पर्धेच्या थोडेंच आधीं, त्याच महिन्यांत, त्यानें चेन्नईची चॅलेंजर जिंकली आणि प्रथमच पहिल्या शंभरांत आला. त्यापूर्वींच्या महिन्यांत ऑस्ट्रेलियांत त्यानें बुब्लिकला हरविलें होतें, तेव्हां देशभर टाळ्या झाल्या. ९०० युरोंच्या दिवसांत त्या टाळ्या कोठें होत्या? घरच्या भूमीवर चॅलेंजर भरली तर विमानभाड्याचा मोठा खर्च वांचतो. पण रिकाम्या बांकांपुढें कोणता पुरस्कर्ता वर्षानुवर्षें पैसा घालील?

शिवाय, खालीं राहिलेल्यांचा खेळ खोटा असतो काय? सर्व्हिस तितक्याच वेगानें येते, हरल्यावर पराजिताचा चेहरा तसाच उतरतो. किंबहुना एका सामन्यावर पुढच्या महिन्याचें भाडें अवलंबून असतें तेथें प्रत्येक गुणासाठीं जी झुंज होते, ती कित्येक मोठ्या सामन्यांत आम्हांस दिसलेली नाहीं. वर जाईल त्यालाच पाहूं असें म्हणणारा प्रेक्षक खेळाचा रसिक नव्हे. तो निकालाचा ग्राहक होय. आम्हीही तसेच होतों, म्हणून हें थोडें कडवटपणें लिहितों.

आमच्या विद्यार्थ्यांस आमची सूचना एवढीच. बालेवाडीस पुन्हां अशी स्पर्धा भरेल तेव्हां अंतिम सामन्याची वाट पाहूं नये. पहिल्या फेरीच्या दिवशीं, शाळा सुटल्यावर, बाजूच्या कोर्टांकडे जावें. तेथें कोपऱ्यांत आपली पिशवी स्वतःच उचलून आणलेला, गांवोगांव हिंडून उन्हानें रापलेला कोणी विशीबाविशीचा मुलगा खेळत असेल. त्याचें नांव फलकावर पाहून वहींत टिपून ठेवावें, आणि पुढील वर्षीं तो कोठें आहे हें आम्हांस येऊन सांगावें.