कोळंबीचा खटला आणि हक्कांचे जाळे

तिरुवैयारूपासून समुद्रापर्यंत कावेरीच्या शाखा पसरतात तो सारा प्रदेश भातशेतीचा आणि तिच्यावर राबणाऱ्या भूमिहीन दलितांचा. याच जुन्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे २५ डिसेंबर १९६८ रोजी मजुरीच्या वादातून ४४ दलितांना एका झोपडीत जाळून मारण्यात आले. सत्र न्यायालयात दोषी ठरलेले आरोपी उच्च न्यायालयात सुटले. मार्क्सवादी पक्षाची शेतमजूर संघटना लढत होती. पण हा खटला देशाचा खटला म्हणून चालविणारी पक्षातीत यंत्रणा तेव्हा नव्हती.

आणीबाणीत, ऑक्टोबर १९७६ मध्ये, जयप्रकाशांच्या पुढाकाराने तसा प्रयत्न झाला. पुढे ‘पीयूसीएल’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या संघटनेचे अध्यक्ष होते सासवडचे वि. म. तारकुंडे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. जनता सरकार येताच ती थंडावली. १९८० मध्ये घटना आणि व्यक्तिगत सभासदत्व मिळाल्यावरच स्थिरावली. अर्थात तिचा पाया मुख्यतः शहरी राहिला.

तंजावरकडचे धागे निराळे होते. विनोबांच्या भूदानातून आलेले जगन्नाथन आणि कृष्णम्माल हे दांपत्य वेण्मणीनंतर येथे कामाला लागले. १९८१ मध्ये त्यांनी भूमिहीनांसाठी ‘लाफ्टी’ स्थापन केली. नव्वदच्या दशकात कोळंबी कंपन्या किनाऱ्यावर उतरल्या आणि पिण्याचे पाणी खारावले. सत्याग्रह गावोगावी चाललाच होता. पण तो तेवढ्यावर थांबला असता तर दिल्लीपर्यंत त्याची वार्ताही पोचती ना. जगन्नाथन यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, वकील एम. सी. मेहता उभे राहिले आणि न्यायालयाच्या आदेशाने किनाऱ्याची पाहणी केली ती नागपूरच्या ‘नीरी’ने. चळवळीच्या जाळ्यातला सर्वांत बळकट धागा सरकारी प्रयोगशाळेचा ठरावा, हे अधिकाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. गावकऱ्यांच्या तक्रारीचे पुराव्यात रूपांतर तेथे झाले.

११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातील आधुनिक कोळंबीतळी हटविण्याचा आदेश दिला. फेरविचार अर्जांवर लगेच स्थगिती आली. २००५ मध्ये संसदेने कायदा करून हा व्यवसाय त्या नियमनाच्या मनाईतून वगळला. याचिका लढविण्याची तयारी चळवळीकडे होती. विधेयक अडविण्याइतकी माणसे संसदेत नव्हती. २००८ मध्ये या दांपत्याला स्वीडनचा राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला, तेव्हा तो कायदा तीन वर्षांचा झाला होता.