‘नोंद काढा’ म्हणजे नेमके काय?

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी सध्या जी चर्चा चालली आहे, तिचा सारा भर हे यंत्र मनुष्याची नोकरी घेणार की काय, या एकाच प्रश्नावर आहे. प्रश्न गैर नाही. परंतु त्याच्या गदारोळात एक निकडीची बाब दुर्लक्षित राहिली आहे. आजवर केवळ उत्तरे देणारे हे यंत्र आता माणसाच्या वतीने कामे करू लागले असून, त्यास ‘एजंट’ म्हणतात. नोंद शोधणे, पैसे भरणे, पत्र धाडणे या कामांसाठी तो इतरांनी तयार करून ठेवलेली साधने, म्हणजे ‘टूल्स’, वापरतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने अशी साधने जोडण्याची ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही खुली पद्धत प्रसिद्ध केली आणि २०२५ मध्ये ओपनएआय व गूगल यांनीही ती स्वीकारली.

साधनाच्या पोटात काय दडले आहे, हे एजंटास सहसा दिसत नाही. साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्यास पुरवावयाच्या माहितीची यादी, एवढेच त्याच्यापुढे असते. त्या चार ओळींवरून कोणते साधन केव्हा उचलावयाचे, हे तो ठरवितो. त्या ओळी संदिग्ध असतील, तर यंत्र कितीही हुशार असो, काम बिघडणारच.

आपल्या भाषेतच पाहा. एखाद्या साधनाचे नाव ‘नोंद काढा’ असे आहे, असे समजू. कचेरीतील जुन्या कारकुनास ‘अमक्याची नोंद काढ’ म्हटले की तो कपाटातून बाड आणून मेजावर ठेवतो. ‘अमक्याचे नाव काढ’ म्हटले की तांबड्या शाईने रेघ मारतो. क्रियापद एकच, पण एकात दस्तऐवज हाती येतो, दुसऱ्यात हक्क हातचा जातो. कारकुनास संशय आला तर तो मान वर करून विचारील. एजंटही विचारू शकतो. परंतु वर्णन वाचून आपणास सर्व उमगले असे त्याने धरले, तर तो विचारीत नाही, करून मोकळा होतो. तारखेचेही तेच. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे तीन एप्रिल, अमेरिकेत चार मार्च. आणि केवळ गावाचे नाव मागणारे साधन आमच्या गोमंतकात काय गोंधळ घालील, ते सांगावयास नको. रोमी लिपीत एकाच रीतीने लिहिली जाणारी नावेली सासष्टीतही आहे आणि डिचोलीतही!

याउलट, पुढील मजकूर पाहावा: ‘एका सर्वे क्रमांकाच्या नमुना एक व चौदाची प्रत केवळ वाचण्यासाठी देते, नोंदीत बदल करीत नाही. तालुका, गाव, सर्वे क्रमांक व उपविभाग ही चारही हवीत. एखादे ठाऊक नसल्यास अंदाज न करता अर्जदारास विचारावे. फेरफारासाठी हे साधन वापरू नये.’ यात पांडित्य नाही. कामास नव्याने रुजू झालेल्या माणसास जे सांगावे लागते, तेवढेच आहे. अघळपघळ परिपत्रकी भाषेचाही येथे उपयोग नाही, कारण शंभर साधनांची लांबलचक वर्णने यंत्राच्या मर्यादित स्मरणावकाशात गर्दी करतात आणि निवड अधिकच चुकते.

साधन केवळ वाचणारे आहे की नोंद नष्ट करणारे, अशी खूण करण्याची सोय या पद्धतीत आहे. तथापि ती खूण साधन पुरविणाराच करतो. अपरिचिताच्या खुणेवर विसंबू नये, असे या पद्धतीचे नियमच बजावतात. ते योग्यच आहे, कारण वर्णनातच छुप्या आज्ञा घुसडून एजंटास भलत्या कामास लावता येते, हे संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवून दिले आहे.

असे असताना वर्णनलेखन हे आज्ञावली पुरी झाल्यावर शेवटच्या घटकेस उरकण्याचे काम समजले जाते, हे आम्हांस चिंताजनक वाटते. ज्याने वीस वर्षे फेरफाराची प्रकरणे हाताळली, त्या अव्वल कारकुनास ‘काढणे’ या शब्दातील धोका जेवढा ठाऊक असतो, तेवढा दूर शहरातील तंत्रज्ञास कसा असणार? सरकारी खाती, बँका वा नगरपालिका एजंटांच्या हाती लोकांचे दस्तऐवज देणार असतील, तर ही वर्णने त्या त्या कामातील जाणकारांकडून लिहवून घ्यावीत, ती मराठी व कोकणीत जनतेसाठी प्रसिद्ध करावीत, आणि नोंद नष्ट करणारे प्रत्येक साधन चालण्यापूर्वी जबाबदार अधिकाऱ्याची संमती सक्तीची करावी, अशी आमची मागणी आहे.