उपनगराचे वय

देशाच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन निश्चित करणारी अधिसूचना केंद्र शासनाने जून २०२५ मध्ये काढली. २०११ नंतर सोळा वर्षांनी होणाऱ्या या गणनेचे आकडे हाती येतील, तेव्हा कोणत्या गावाची वस्ती किती वाढली याचीच चर्चा प्रथम होईल. परंतु कोल्हापूरच्या दक्षिणेस असलेल्या कळंब्यासारख्या उपनगराच्या दृष्टीने माणसे किती, यापेक्षा ती कोणत्या वयाची आहेत, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. तो विचारण्याची सवय आपल्या स्थानिक कारभाराला अद्याप लागलेली नाही.

तलाव आणि मध्यवर्ती कारागृह यांमुळे सर्वपरिचित असलेल्या या गावाची २०११ मध्ये ‘जनगणना शहर’ अशी नोंद झाली. किमान पाच हजारांची वस्ती, चौरस किलोमीटरमागे किमान ४०० माणसे आणि मुख्यतः काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान तीन चतुर्थांश शेतीबाहेर, अशा या वर्गाच्या कसोट्या आहेत. ग्रामपंचायतीच्या कारभाराखालील गाव व्यवहाराने शहर झाले, असाच याचा अर्थ. २००१ ते २०११ या दशकात कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३५,२३,१६२ वरून ३८,७६,००१ झाली. ही वाढ अवघी दहा टक्के असून राज्याची वाढ याच काळात सुमारे सोळा टक्के होती. जिल्हा असा संथ गतीने वाढत असता शहराच्या वेशीवरील गावे भरत गेली, ती पाळणे हलल्यामुळे फारशी नव्हे, बिऱ्हाडे हलल्यामुळे.

येथेच प्रश्नाचे मूळ आहे. जुन्या गावठाणात आजोबा, मुलगा आणि नातू एकाच उंबऱ्याच्या आत असतात. त्यामुळे गावाचे वय हळूहळू बदलते. नव्या वसाहतीचे तसे नसते. गुंठा-दोन गुंठे घेऊन, कर्ज काढून घर बांधणारा शिक्षक, बँकेतील कारकून वा सरकारी कर्मचारी बहुधा पस्तिशी-चाळिशीचा असतो. असे समवयस्क लोक पाच-दहा वर्षांच्या अंतराने एकाच वसाहतीत येतात आणि पुढे एकदमच म्हातारे होतात. १९९० मध्ये पस्तिशीत घर बांधणारा गृहस्थ २०२५ मध्ये सत्तरीला पोहोचला. त्याची मुले शिक्षण आटोपून पुण्या-मुंबईकडे गेली असतील, तर घरात उरतात ती दोन माणसे आणि वरचा रिकामा मजला. टोकियोनजीकच्या तामा या नव्या नगरात १९७१ पासून तरुण कुटुंबे राहावयास गेली. काही दशकांतच तेथील शाळा बंद पडू लागल्या आणि लिफ्ट नसलेल्या इमारतींत वृद्ध अडकून पडले. जपानच्या मानाने आपला वेग कमी असेल, पण दिशा वेगळी नाही. २०११ मध्येच महाराष्ट्रात साठीपुढील लोकांचे प्रमाण ९.९ टक्के होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्याचा जननदर १.७ वर, म्हणजे लोकसंख्या स्थिर राखण्यास लागणाऱ्या २.१ च्या बराच खाली आला आहे.

निवृत्तिवेतनाची सावली

यावर कोणी म्हणेल की, उपनगरातील वृद्ध सुस्थितीत आहेत. मग चिंता कशाची? हे समाधान एका पिढीपुरते आहे. पहिल्या वसाहतकरांपैकी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन आहे. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांची ती हमी संपली. मार्च २०२३ मधील कर्मचाऱ्यांचा संप याच प्रश्नावर झाला आणि त्यानंतर शासनाने हमीचे काही पर्याय पुढे केले. तथापि हे पर्याय कायम सरकारी सेवकांपुरते आहेत. तासिका तत्त्वावरील अध्यापक, कंत्राटी कारकून, दुकानातील नोकर यांच्या पदरात काय पडणार? शिरोली वा गोकुळ शिरगावच्या कारखान्यातील कामगारासाठी १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आहे. तीत २०१४ मध्ये ठरलेली किमान रक्कम दरमहा १,००० रुपये होती. जमीन विकून बसलेल्या मूळ ग्रामस्थाला किंवा शेतमजुराला श्रावणबाळ योजनेचा आधार आहे. ती रक्कम २०२३ मध्ये १,५०० रुपये करण्यात आली. आजचा निवृत्त शिक्षक स्वतःच्या औषधांचा खर्च स्वतः भागवतो. उद्याच्या वृद्धाला तो भार सार्वजनिक व्यवस्थेवर टाकावा लागेल. २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान भारतचे छत्र मिळाले, हे स्वागतार्ह आहे. पण ते रुग्णालयात दाखल होण्यापुरते. रक्तदाबाची रोजची गोळी त्यात येत नाही.

अशा वेळी नियोजन करावयाचे ते कोणत्या आधारावर? जन्माची नोंद आईवडिलांच्या गावी होत नसून जन्म जेथे होतो तेथे होते. कळंब्यातील जे मूल शहरातील रुग्णालयात जन्मते, ते महापालिकेच्या दप्तरी जमा होते. त्यामुळे गावच्या नोंदवहीवरून बालवाडीला किती मुले येतील, याचा अंदाज बांधता येत नाही. तथापि माहिती अजिबात नाही असे नव्हे. अंगणवाडी सेविकांच्या कुटुंबपाहणीत आणि आशा कार्यकर्तींच्या नोंदींत घरोघरची वये असतात. ती एकत्र करून वॉर्डवार वयाचा तक्ता दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवण्यास नवा कायदा लागत नाही, मोठा खर्चही येत नाही. स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करण्याचे बंधन ग्रामपंचायतींवर आहेच. त्याच धर्तीवर वृद्धांसाठी काही हिस्सा राखून ठेवणे हे पुढचे पाऊल ठरेल. सलग पदपथ, रस्ता ओलांडण्याची सोय, केएमटीच्या थांब्यावर बसावयास बाक आणि गावातच नियमित औषधे देणारा दवाखाना, एवढ्यानेही प्रारंभ होऊ शकेल.

कोल्हापूर महापालिका १९७२ मध्ये स्थापन झाली. तेव्हापासून हद्दवाढीचा वाद चालू आहे. २०१७ मध्ये हद्दवाढीऐवजी शहर आणि भोवतालची ४२ गावे मिळून नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमण्यात आले, तरी तो मिटला नाही. या वादात घरफाळा किती वाढेल, पाणी कोण देईल, आरक्षणे कोणाच्या जमिनीवर पडतील, हे प्रश्न दोन्ही बाजू हिरिरीने मांडतात आणि ते रास्तही आहेत. परंतु दवाखाना, पदपथ आणि पाळणाघर यांची जबाबदारी घेणार कोण, हे कोणत्याच बाजूने स्पष्टपणे सांगितलेले दिसत नाही. कळंबा गाव राहो वा शहरात जावो, २००६ मध्ये पंचविशीत नोकरीस लागलेला तेथील शिक्षक २०३९ मध्ये अठ्ठावन्न वर्षांचा होणारच. ही तारीख कोणत्याही ठरावाने पुढे ढकलता येत नाही. तयारीसाठी मिळालेली ही मुदत मात्र वाया घालवता येते, आणि आजवरचा अनुभव पाहता तोच धोका मोठा आहे.