शाळेच्या बागेत कीटकभक्षी रोप जरूर लावा, पण कोणतं?



'कीटकभक्षी वनस्पती नायट्रोजनची कमतरता भरून काढण्यासाठी कीटक खातात.' हे उत्तर आपल्या मुलांना तोंडपाठ असतं. आता त्यांना एवढंच विचारून बघा, "मग या रोपाला शेणखत घातलं तर?" बहुतेक वर्ग एका सुरात सांगेल, "बाई, मस्त वाढेल!"

प्रत्यक्षात ते मरतं. पाणथळ, निकस जमिनीत वाढलेली ही झाडं. त्यांच्या मुळांना खतातले क्षार सोसत नाहीत. म्हणजे पाठ झालेलं उत्तर बरोबर असूनही समजलेलं नसतं. आणखी एक गैरसमज म्हणजे, ही झाडं कीटकांवरच जगतात. तसं नाही. बाकीच्या झाडांसारखंच तीही सूर्यप्रकाशात आपलं अन्न तयार करतात. कीटकांपासून त्यांना मिळतात ती नायट्रोजन, फॉस्फरससारखी द्रव्यं. या दोन गोष्टींसाठी तरी परसबागेत अशी एक कुंडी असावी, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न आहे कोणतं रोप लावायचं याचा. पालक हौसेने ऑनलाइन मागवतात ते व्हीनस फ्लायट्रॅप. व्हिडिओत पटकन मिटणारं! हे मूळचं अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना राज्यांच्या किनारपट्टीजवळचं. त्याला हिवाळ्यात काही महिने थंडीत विश्रांती लागते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती मिळत नाही. शिवाय पस्तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला एकदा बोट लावून बघायचंच असतं. पानाच्या आतल्या बारीक केसांना थोड्या सेकंदांत दोनदा स्पर्श झाला की पान मिटतं, आणि असं एक पान मोजक्याच वेळा मिटू शकतं. उगाच मिटवलं की रोपाची शक्ती फुकट जाते. तो खेळ होतो, निरीक्षण नाही.

त्यापेक्षा आपला दवबिंदू बघा. कोकणातल्या सड्यांवर, कासच्या पठारावर पावसाळ्यात उगवतो. पानांवर चिकट थेंबांचे केस, त्यात चिलट अडकतं आणि केस हळूहळू त्याच्यावर वाकतात. वर्गाला तासभर शांत बसवणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही! डार्विनने १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर पुस्तक लिहिलं, त्यातला मोठा भाग दवबिंदूच्या कुळावरच आहे. आणि कासला आपण ज्या जांभळ्या गालिच्याचे फोटो काढतो, ती सीतेची आसवंही कीटकभक्षीच बरं का! जमिनीखालच्या तिच्या इवल्याशा पिशव्या पाण्यातले सूक्ष्म जीव डोळ्याचं पातं लवायच्या आत ओढून घेतात.

पण इथे एक कळकळीची विनंती. सहलीला गेलात तर प्रकल्पासाठी किंवा वहीत चिकटवायला एकही रोप उपटू नका, मुलांनाही उपटू देऊ नका. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. फ्लायट्रॅपची चोरी इतकी वाढली की नॉर्थ कॅरोलायनाला २०१४ मध्ये तो गंभीर गुन्हा ठरवावा लागला. आपण ती वेळ का येऊ द्यायची? सड्यावरून उपटलेलं रोप कुंडीत तसंही क्वचितच जगतं. रोपवाटिकेत वाढवलेलं रोप किंवा बी विकत घ्या.

कुंडीचं काम सोपं आहे. नारळाचा भुसा दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या, त्यातले क्षार जायला हवेत. त्यात तेवढीच धुतलेली जाडी वाळू मिसळा, समुद्राची नको. माती नाही, खत नाही. कुंडी पाण्याच्या थाळीत उन्हात ठेवा. थाळीतलं पाणी दोन दिवसांआड बदला, नाहीतर डासांची शाळा भरेल. पाणी पावसाचंच. बोअरचं अजिबात नको, आरओ मशीनमधून बाहेर टाकलेलं तर नकोच, त्यात क्षार जास्तच असतात. पागोळ्यांखाली एक झाकणाचा पिंप ठेवलात तर मुलांना पाणी साठवायचं निमित्तही मिळेल.

आणि मुंग्या, माश्या पकडून आणून भरवायच्या नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगा. रोज सकाळी किती थेंब चमकतात, किती चिलटं अडकली, एवढंच वहीत लिहायचं. आपल्याकडचे बरेचसे दवबिंदू वर्षायू आहेत, बी धरून वाळून जातात. तेव्हा "बाई, झाड मेलं" म्हणून मुलं धावत येतील. त्यांना खसखशीपेक्षाही बारीक बी कागदावर झाडून घ्यायला सांगा, आणि पुडीवर त्यांच्याच हाताने तारीख घालून घ्या. जूनमध्ये ती ओल्या भुशावर नुसती भुरभुरायची, वरून काही झाकायचं नाही.