तेरहून नागपूर किती लांब?

आपले तेर म्हणजे जुने तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक जाणणाऱ्या व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचे प्रवासवर्णन लिहिले. त्यात तगरचा पत्ता कोसांत नाही, दिवसांत दिला आहे. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवस, पैठणपासून तगर दहा दिवस. इथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांतून बिनरस्त्याच्या मुलखातून बंदराला जाई.

आज नकाशावर सरळ रेघ ओढली तर पैठण-तेर अंतर सुमारे १५० किलोमीटर भरते. म्हणजे गाडी दिवसाला पंधराएक किलोमीटर पुढे सरके. त्या व्यापाऱ्याला रेघ नको होती. माल कधी पोहोचेल, हे त्याला हवे होते.

आपणही तेच विचारायला हवे. आता आपल्या घरांतली लेकरे पुण्या-मुंबईला कामाला आहेत. आईला एकदा विमानाने दीक्षाभूमीला न्यावे, असे त्यांना वाटते. इच्छा चांगली आहे, पण पैसे मोजण्याआधी तास मोजावेत.

पुणे ते नागपूर हवाई अंतर सुमारे ६०० किलोमीटर. विमानाला सव्वा ते दीड तास लागतो. या वेळेत धावपट्टीपर्यंत सरकणे, चढणे, उतरणे हे सारे येते. परंतु तेरहून नागपूर सरळ रेघेत सुमारे ४३० किलोमीटरच आहे, ईशान्येला. पुण्याला जायचे म्हणजे आधी सव्वादोनशेहून अधिक किलोमीटर उलटे, पश्चिमेला जायचे!

हिशेब मांडू. तेर ते पुणे विमानतळ गाडीने पाच-सहा तास. विमानतळावर दोन तास आधी हजर राहायचे. विमान दीड तास. उतरून सामान घेऊन मुक्कामी पोहोचायला तासभर. झाले दहा तास! सडकेने थेट नागपूरला गेले तरी दहा-बारा तासच लागतात. आईचे गुडघे दुखत असतील, तर विमानाच्या वाटेवरही पाच-सहा तास तिला गाडीतच बसावे लागणार.

पुण्यातल्या मुलाचे गणित मात्र निराळे. त्याला सडकेने बारा तासांहून अधिक लागतात, तर विमानाने घरापासून मुक्कामापर्यंत पाचएक तास. एका दिवसाची रजा वाचते, म्हणजे एका दिवसाची मजुरी वाचते.

तेव्हा आम्ही सुचवतो ते असे: आई तेरहून थेट सडकेने, मधे मुक्काम करून जावी. मुलाने पुण्याहून विमानाने यावे. आईला विमानात बसायची हौसच असेल, तर आधी चार दिवस तिला पुण्याला मुलाकडे राहू द्यावे आणि मग दोघांनी मिळून जावे. तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागून ठेवावी. विमानतळावर लांबवर चालावे लागते.

तिकिटावर वेळ छापलेली असते ती विमानाची. घराच्या उंबऱ्यापासूनची वेळ आपणच मोजायची असते.