तयार ताळेबंद की मूळ कीर्द?

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी इंदूरला मावशीकडे गेले होते. मावशीचे घर लालबागेजवळ आहे. आलेल्या पाहुण्याला पहिल्या संध्याकाळी सराफ्यात खाऊ घालायचे आणि दुसऱ्या दिवशी लालबाग राजवाडा दाखवायचा, हा तिच्या घरचा ठरलेला शिरस्ता. खान नदीच्या काठावरचा होळकरांचा हा राजवाडा १८८६ साली बांधायला घेतला आणि १९२१ साली तो पुरा झाला. त्याचे लोखंडी फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाबरहुकूम आहे. ते विलायतेत ओतवून जहाजाने मुंबईस आणले व तेथून इंदूरला नेले, असे सांगतात. फाटक खरोखरच देखणे आहे. पण त्याच्यासमोर उभी असताना माझ्या वाणिज्य शाखेच्या डोक्यात एक रुक्ष प्रश्न आला. याचा एखादा भाग मोडला, तर त्याचा साचा कोणाकडे आहे?

त्याच रात्री हा प्रश्न पुन्हा माझ्यापुढे येईल, असे मला वाटले नव्हते.

माझा मावसभाऊ यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या प्रकल्पात एका पेटीतून वाहणाऱ्या हवेने आतला भाग किती थंड होतो, ते संगणकावर काढायचे होते. अशा कामाला सिम्युलेशन म्हणतात. प्रत्यक्ष यंत्र न बनवता त्याच्यातले पाणी, हवा, उष्णता कशी वागेल याचे गणित संगणकाकडून करून घ्यायचे. त्यासाठीचे विकतचे सॉफ्टवेअर त्याच्या महाविद्यालयात आहे, पण परवाने मोजके आणि तेही प्रयोगशाळेच्या वेळेपुरते. घरी विद्यार्थ्यांसाठीची फुकट आवृत्ती मिळते, पण तिच्यात ठरावीक आकारापलीकडचे गणित चालत नाही. त्याचे गणित त्या मर्यादेत बसेना. एका मित्राने कुलूप तोडलेली चोरीची प्रत देऊ केली होती. दादाने ती नाकारली. तो म्हणाला, "नोकरीच्या मुलाखतीत कोणी विचारले, कशावर काम केलेस, तर काय सांगू?"

म्हणून त्याने ओपनफोम घ्यायचे ठरवले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात १९८० नंतरच्या दशकात सुरू झालेले आणि २००४ साली मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले झालेले हे सॉफ्टवेअर आहे. मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. त्याची मूळ संहिता, ज्याला सोर्स कोड म्हणतात, ती वाचता येते, बदलता येते आणि बदललेली दुसऱ्याला देता येते. दादाला नुसते वापरायचे नव्हते, त्यात थोडा बदल करायचा होता. म्हणून त्याने ते मूळ संहितेपासून आपल्या जुन्या, चार जीबी स्मृतीच्या लॅपटॉपवर बांधायला घेतले.

येथे माझ्या वाणिज्य शाखेच्या मित्रमैत्रिणींनी पान उलटू नये. आपल्या भाषेत सांगते. बाजारातून आणलेले तयार सॉफ्टवेअर म्हणजे छापील ताळेबंद. शेवटचे आकडे दिसतात, ते कुठून आले हे दिसत नाही. मूळ संहिता म्हणजे कीर्द, खतावणी आणि सगळी प्रमाणके. कंपाइल करणे म्हणजे त्या नोंदींवरून, पायरीपायरीने, आपल्या समोर, आपल्या यंत्रावर ताळेबंद तयार होणे. हिशेबतपासनीस नुसता ताळेबंद पाहून सही करीत नाही, तो प्रमाणके मागतो. मग अभियंत्याने का मागू नयेत?

आता रात्रीची हकिकत. आधी कंपायलर आणि इतर लहानसहान साधने बसवली. नंतर ओपनफोमची संहिता आणि तिला लागणाऱ्या इतर संस्थांच्या संहिता शेजारी शेजारी उतरवून घेतल्या. मग त्याची बशआरसी नावाची फाइल वाचायला लावली. संगणकाला कोणती वस्तू कुठे ठेवली आहे, हे त्या फाइलमुळे कळते. शेवटी ऑलडब्ल्यूमेक ही एकच आज्ञा दिली. पडद्यावर ओळी धावू लागल्या. मावशी दोनदा जेवायला हाक मारून गेली.

दहाच्या सुमारास सगळे थांबले. शेवटच्या ओळीत एरर १ एवढेच लिहिलेले. दादा त्या ओळीकडे बघत बसला. मी म्हटले, "दादा, तेरीज पत्रक जुळले नाही की आम्ही शेवटचा फरक बघत बसत नाही, पहिली चूक कुठे झाली ते शोधतो. वर जा." वर, बऱ्याच वर, एक ओळ सापडली. कंपायलरला मध्येच मारून टाकले होते. चार कामे एकाच वेळी करायला सांगितल्याने लॅपटॉपची स्मृती संपली होती आणि यंत्राने स्वतःला वाचवण्यासाठी कंपायलरचाच बळी दिला होता. संहितेत काहीच चूक नव्हती. दादाने डिस्कवरची थोडी जागा स्मृतीसारखी वापरायला दिली, एका वेळी एकच काम सांगितले आणि तीच आज्ञा पुन्हा दिली. गंमत अशी की झालेले काम पुन्हा झाले नाही. ज्या पानांची बेरीज जुळली होती ती सोडून यंत्र पुढच्या पानापासून चालू लागले. हे सॉफ्टवेअर सुट्या भागांचे आहे, त्याचा हा गुण.

पहाटे काम संपले. सकाळी दादाने नवी खिडकी उघडून आज्ञा दिली, तर संगणक म्हणतो, अशी आज्ञाच नाही! सगळी रात्र वाया गेली असे वाटून त्याचा चेहरा उतरला. कारण क्षुल्लक होते. ती बशआरसी फाइल प्रत्येक नव्या खिडकीत वाचावी लागते. दुकान मांडलेले होते, फक्त कुलूप उघडले नव्हते. पण हे न कळल्यामुळे किती विद्यार्थी त्या सकाळी नाद सोडत असतील!

मग पहिले उदाहरण चालवले. त्याला कॅव्हिटी म्हणतात. दहा सेंटिमीटर बाजूची एक चौकोनी पोकळी, तिचे झाकण सेकंदाला एक मीटर वेगाने सरकते आणि आतला द्रव त्याच्याबरोबर फिरू लागतो. पोकळीचे वीस गुणिले वीस असे ४०० घरांत तुकडे केलेले. घराघरांमध्ये ७६० आतल्या भिंती. अर्ध्या सेकंदाचा काळ शंभर पावलांत मोजायचा. दादा समजावू लागला की प्रत्येक भिंतीला एक मालक घर असते आणि एक शेजारी घर, आणि मालकाच्या घरातून जेवढे गेले तेवढेच शेजाऱ्याच्या घरात आले पाहिजे. मी उडालेच! ही तर आपली द्विनोंदी पद्धत! एकाच्या नावे, दुसऱ्याच्या जमा. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोलीने छापून प्रसिद्ध केलेली हिशेबाची रीत आणि द्रवाच्या प्रवाहाचे हे गणित एकाच विचारावर उभे आहे. मधल्या मध्ये काही नाहीसे होत नाही आणि काही फुकट उपजत नाही. प्रत्येक पावलाला पडद्यावर हिशेबातला फरक छापून येतो आणि तो जवळजवळ शून्य असावा लागतो. मराठीत हिशेब म्हणा, कन्नडात लेक्क म्हणा, बेरीज तीच.

पुढे दादाने मूळ गणकाची एक प्रत आपल्या फोल्डरमध्ये घेऊन तिच्यात तापमानाचे एक समीकरण घातले. तेवढाच भाग पुन्हा कंपाइल केला. एक मिनिटसुद्धा लागले नाही. विकतच्या पेटीबंद सॉफ्टवेअरमध्ये त्याला अशी मूळ गणकाला हात घालण्याची मुभा मिळाली नसती. विलायती फाटकाचा साचा आता इंदूरच्या एका खोलीत होता.

यावर कोणी विचारील की ओपनफोम तयार बांधलेले मिळते, चार ओळींत बसते, मग रात्र कशाला घालवायची? हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. ज्याला नुसते उदाहरण चालवायचे आहे, त्याने तयार प्रतच घ्यावी. रोजची भाकरी खाण्यासाठी प्रत्येकाने ज्वारी पेरायची गरज नाही. पण शेतकी शिकणाऱ्याने एकदा तरी पेरली पाहिजे. जेथे संगणक आपल्या मालकीचा नाही, जेथे वेगळी प्रणाली आहे, जेथे मूळ भागात बदल करायचा आहे, तेथे तयार प्रत उपयोगी पडत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. मुक्त सॉफ्टवेअरची किंमत शून्य असते, असे म्हणणे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला शोभत नाही. वेळ आहे, वीज आहे, जागरण आहे, अडल्यावर विचारायला पगारी माणूस नसणे आहे. हे सगळे खर्चाच्या बाजूला लिहा. पण दुसऱ्या बाजूला लिहा की पुढच्या वर्षी परवान्याचे पैसे भरायचे नाहीत आणि शिकलेले ज्ञान महाविद्यालय सोडताना परत करावे लागत नाही. परवान्याचा पैसा हा महसुली खर्च, दरवर्षी संपणारा. हे शिक्षण म्हणजे भांडवल.

आणि एक सावधगिरी. उघडी संहिता म्हणजे बरोबर उत्तर नव्हे. रंगीत चित्र सुंदर दिसले तरी घरांची जाळी जाड असेल किंवा सीमा चुकीच्या दिल्या असतील, तर आकडा खोटाच येतो. खोटी नोंद सुवाच्य अक्षरात लिहिली म्हणून खरी होत नाही. फरक एवढाच की येथे चूक शोधायला दार उघडे आहे.

दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्याचे दुःख आपल्या देशाने सोसले आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेने आपल्याला हवे तसे महासंगणक देण्यास नकार दिला. त्यानंतर १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि १९९१ साली तेथे परम ८००० उभा राहिला. देशाच्या पातळीवर जे पटले, ते महाविद्यालयाच्या पातळीवर का पटू नये? मुंबईच्या आयआयटीतला फॉसी प्रकल्प नेमके हेच काम करतो आहे. २००९ च्या राष्ट्रीय शिक्षण अभियानातून त्याला बळ मिळाले. विकतच्या सॉफ्टवेअरऐवजी सायलॅब, ओपनफोम, ई-सिम अशी मुक्त साधने तो महाविद्यालयांत पोहोचवतो. त्याच आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे सुमारे दहा दहा मिनिटांचे पाठ मराठीत आणि कन्नडातही ऐकायला मिळतात.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि इंग्रजी फक्त परीक्षेपुरती. त्या रात्री पडद्यावर धावणाऱ्या इंग्रजी ओळी पाहून मला पहिल्यांदा वाटले की हे आपले काम नव्हे. पण चूक सापडली ती इंग्रजीच्या जोरावर नाही, हिशेबाच्या सवयीवर. आमच्यासारख्या मुलांना बुद्धी कमी पडत नाही, सूचना परक्या भाषेत असतात म्हणून हात आखडतो. बशआरसी प्रत्येक खिडकीत वाचा, स्मृती कमी असेल तर एका वेळी एकच काम सांगा, चूक वरून शोधा, ओपनफोमच्या दोन शाखा आहेत त्यांच्या सूचना एकमेकींत मिसळू नका. एवढी चार वाक्ये मराठीत कोणी लिहून ठेवली असती, तर दादाची अर्धी रात्र वाचली असती.

म्हणून प्राध्यापकवर्गाला माझी नम्र विनंती आहे. आपल्या महाविद्यालयात टाकाऊ म्हणून बाजूला ठेवलेले दोन संगणक आणि शनिवारची दुपार आम्हाला द्या. विज्ञान शाखेच्या मुलांनी सॉफ्टवेअर बांधावे. वाणिज्य शाखेच्या आम्ही मुलींनी त्याची रोजकीर्द लिहावी, म्हणजे कोणत्या तारखेला कोणती आवृत्ती घेतली, कुठे अडले, कशाने सुटले. कला शाखेच्या मित्रांनी ती सोप्या मराठीत आणि सोप्या कन्नडात उतरवावी. ती वही ग्रंथालयात राहावी. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी पहिल्या पानापासून नव्हे, आमच्या शेवटच्या पानापासून सुरुवात करील.

याच अंकाची पाने उलटली की कन्नड विभाग सुरू होतो. दोन भाषा एका बांधणीत गेली कित्येक वर्षे गुण्यागोविंदाने नांदत आहेत. त्यांच्यामध्ये ती एक वहीही बांधली जावी, एवढीच माझी इच्छा. फाटक पाहायला लालबागेत जरूर जावे, पण साचा आपल्या घरी असावा.

– एक विद्यार्थिनी, बी. कॉम. भाग २